'टेक'पुढे हात टेकले

चीनमधल्या कॉलेजकुमाराला मध्यरात्री झोपेतून उठवून इंग्रजीतला एखादा शब्द विचारला, तर तो 'अबॅन्डन' म्हणण्याची शक्यता फार मोठी. अर्थ : सोडून देणे. तिकडे परीक्षेसाठी शब्दसंग्रहाची जाडजूड पुस्तकं मिळतात. त्यांतले शब्द अकारविल्हे लावलेले असतात आणि कित्येक पुस्तकांचा श्रीगणेशा याच शब्दाने होतो. विद्यार्थी मोठ्या उमेदीने कोरं पुस्तक उघडतो, 'अबॅन्डन' पाठ करतो आणि शिकलेलं तिथल्या तिथे अमलात आणतो. पुढच्या सत्रात पुन्हा नवा निश्चय, पुन्हा पान पहिलं, पुन्हा 'अबॅन्डन'. हा विनोद चिनी विद्यार्थ्यांनी स्वतःच स्वतःवर केलेला आहे, त्यामुळे आपण हसायला हरकत नाही.

पण म्हणून ही मुलं आळशी आहेत असं समजू नका. २०२४ साली तिथल्या 'गाओकाओ' या प्रवेशपरीक्षेसाठी १ कोटी ३४ लाखांहून अधिक जणांनी नाव नोंदवलं. त्यांतल्या बहुतेकांना इंग्रजीचा पेपर चुकत नाही आणि त्यासाठी तीन-साडेतीन हजार शब्द घोकावे लागतात. 'अनप्रेसिडेंटेड' घ्या, 'सस्टेनेबिलिटी' घ्या, मुलं स्पेलिंगसकट धडाधडा सांगतात. लांब शब्द मुळात प्रामाणिक असतो. त्याला एक अर्थ असतो, फार तर दीड. तो रोज भेटत नाही आणि भेटला की ओळख देतो. खरा दगा देतात ते चार अक्षरांचे शब्द. आणि त्यांतला अट्टल म्हणजे 'टेक'.

१९९०च्या दशकात चिनी शाळांच्या इंग्रजी पुस्तकात ली लेई आणि हान मेईमेई नावाची दोन मुलं होती. ती पिढी आता चाळिशी गाठून बसली, तरी या दोघांचं पुढे जमलं की नाही यावर अजून हळहळते. आपल्या विद्यार्थ्याचं नावही ली लेईच ठेवू.

तर ली लेई शब्दकोश उघडतो. 'टेक'समोर पहिलाच चिनी शब्द असतो 'ना'. मराठी माणसाने दचकू नये. चिनीतला 'ना' नकार देत नाही, तो वस्तू हाताने उचलून घेतो. ली लेई खूश. टेक म्हणजे उचलणे. पुस्तक टेक, छत्री टेक, सफरचंद टेक. सगळं सुरळीत. मग एक दिवस इंग्रज मास्तर वर्गात येतात आणि म्हणतात, "टेक अ सीट."

आता खुर्ची उचलायची, तर ती न्यायची कुठे?

पुढे त्याला कळतं, की 'टेक अ सीट' म्हटलं की खुर्ची जागेवर ठेवून आपण बसायचं. मग 'टेक अ स्टँड' म्हणजे उठून उभं राहायचं असणार. तर तसंही नाही. त्यासाठी एखाद्या विषयावर ठाम मत असावं लागतं, आणि ते बसल्या बसल्याही असलेलं चालतं. 'टेक अ वॉक' म्हणजे मात्र खरोखर चालायला जायचं. तिथे मत नसलं तरी चालतं.

ली लेईचा दिवस कसा जातो तो बघा. सकाळी आंघोळ. इंग्रज ती 'टेक' करतो, चिनी माणूस ती 'धुतो'. मग बस. इंग्रज बस 'टेक' करतो. चिनी माणूस बस 'बसतो', मेट्रो 'बसतो', विमानही 'बसतो'. बीजिंगच्या मेट्रोत सकाळी एका पायावर, दुसऱ्याच्या बॅगेत नाक खुपसून प्रवास झाला तरी व्याकरणाच्या दृष्टीने तो बसूनच होतो. टॅक्सी करायची तर ती चक्क 'मारतात'. ताप आला तर इंग्रज तापमान 'टेक' करतो, चिनी ते 'मोजतो', आणि खरं तर यात चिनीचंच बरोबर आहे. तापमान घेऊन कुणाचं भलं झालंय? फोटो इंग्रज 'टेक' करतो, तर चिनी माणूस 'थापटतो'. दुपारी जेवल्यावर कचेरीत टेबलावर डोकं ठेवून डुलकी काढायची चिनी पद्धत प्रसिद्धच आहे. ती डुलकीसुद्धा इंग्रज 'टेक'च करतो. आता हे सगळं ली लेईने इंग्रजीत उलटवायचं. तो इमानेइतबारे 'सिट बस' म्हणतो, 'ईट मेडिसिन' म्हणतो आणि वहीत लाल शाईच्या रेघा गोळा करतो.

हो, औषध. चिनी माणूस औषध 'खातो'. गोळी असो नाहीतर चुलीवर तासभर उकळलेला जडीबुटीचा काढा, सर्वसाधारण बोलीत औषध खायचंच असतं. आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथली भाषा शिकले आणि १९४२ साली तिथेच वारले. आपल्या रुग्णांना तेही 'औषध खा' असंच सांगत असणार. मराठी माणूस या बाबतीत कुंपणावर बसलेला. तो गोळी खातो, पण औषध घेतो.

परीक्षेची गंमत तर आपल्याला जास्त कळावी अशी आहे. मराठीत मास्तर परीक्षा घेतात आणि विद्यार्थी परीक्षा देतो. इंग्रजीत मास्तर परीक्षा 'गिव्ह' करतात आणि विद्यार्थी ती 'टेक' करतो. म्हणजे देणारा-घेणारा बरोब्बर उलटे, घाम मात्र दोन्हीकडे विद्यार्थ्यालाच. चिनी भाषेने हा तंटा मुळातच मिटवला आहे. तिथे 'काओ' हे एकच क्रियापद. मास्तर विद्यार्थ्याला 'काओ' करतात, विद्यार्थी विषय 'काओ' करतो आणि आई-बापांच्या स्वप्नातलं विद्यापीठही 'काओ'च करतो. कोण कुणाला देतंय आणि कोण घेतंय याचा निकाल गुणपत्रिकेवर सोपवलेला.

यानंतर येतो वेळ. 'इट टेक्स टाइम' म्हणजे वेळ लागतो. कोण 'टेक' करतं? तर 'इट'. हा 'इट' कोण, कुठला, वेळ घेऊन तो करतो काय, याचं उत्तर कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशासाठी 'रन' या एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ लावून ठेवायला संपादक पीटर गिलिव्हर यांना नऊ महिने लागले, आणि ते नऊ महिनेसुद्धा इंग्रजीत 'टेक'च झाले. एका चिमुकल्या क्रियापदाची मोजदाद दुसऱ्या चिमुकल्या क्रियापदावाचून होत नाही, असा हा कारभार.

'टेक युअर टाइम' ऐकून ली लेई आणखी गोंधळतो. माझाच वेळ मी घ्यायचा? मग आतापर्यंत तो कुणाकडे होता? चिनी माणूस इथे सरळ 'हळूहळू' म्हणतो. पाहुणा निघाला की 'हळू चाला', जेवायला बसला की 'हळू खा'. याचा शब्दशः इंग्रजी अनुवाद ऐकला की इंग्रजाला वाटतं, आपल्या तब्येतीबद्दल किंवा खादाडपणाबद्दल टोमणा मारला. मराठी माणसाला मात्र काहीच समजावून सांगावं लागत नाही. आपणही निघालेल्याला 'सावकाश जा' म्हणतो आणि पंगतीत हात जोडून 'सावकाश होऊ द्या' म्हणत फिरतो. या एका बाबतीत शांघाय आणि सांगली शेजारी आहेत.

'टेक केअर'ही तसंच. निरोप घेताना इंग्रज ते म्हणतो तेव्हा ली लेईला वाटतं, काहीतरी संकट येणार आहे. आपल्याकडे मावशी फोन ठेवताना 'काळजी करू नकोस' आणि 'काळजी घे' हे एका दमात सांगते. काळजी करायची नाही, पण घेऊन मात्र ठेवायची. हे कुणा परक्याला समजावून दाखवा.

इथवर 'टेक' एकटा होता. पुढे त्याला शेपट्या फुटतात : ऑफ, आउट, इन, ओव्हर, आफ्टर. ली लेई दोन दिवसांची रजा 'टेक ऑफ' करतो, विमानतळावर तपासणीच्या रांगेत बूट 'टेक ऑफ' करतो आणि मग विमान 'टेक ऑफ' करतं. चिनीत रजा 'मागतात', बूट 'उतरवतात' आणि विमान 'उठून उडतं'. तीन कामं, तीन शब्द, भांडण नाही. इंग्रजाचा हिशेब वेगळा. जे जे आपल्यापासून सुटलं ते ते 'ऑफ', मग ती कचेरी असो, बूट असो वा धावपट्टी.

'टेक आउट'ची कथा त्याहून भयंकर. अमेरिकन गृहस्थ संध्याकाळी कचरा 'टेक आउट' करतो, मग बायकोला 'टेक आउट' करतो आणि रात्री टीव्हीवर जो सिनेमा बघतो त्यात एक गुंड दुसऱ्याला 'टेक आउट' करतो. पहिल्यात वस्तू फेकली जाते, दुसऱ्यात माणसाला हॉटेलात जेवायला नेलं जातं, तिसऱ्यात माणसाचा मुडदा पडतो. क्रियापद एकच. कर्मांची अदलाबदल झाली नाही म्हणजे मिळवली.

'टेक इन' म्हणजे आश्रय देणं, ढगळ सदरा आत घेणं, ऐकलेलं मनात उतरवणं आणि फसवणं. म्हणजे एखाद्याने तुम्हाला 'टेक इन' केलं असेल, तर त्याचे आभार मानायचे की पोलिसांत जायचं, हे पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय ठरवता येत नाही. 'ओव्हरटेक' म्हणजे गाडी पुढे काढणे. 'अंडरटेक' म्हणजे काम अंगावर घेणे. मग 'अंडरटेकर' म्हणजे कंत्राटदार असावा, असं ली लेईला वाटतं. तसा तो असतोही, पण काम थेट मातीखालचं.

चिनी माणसाला या 'टेकआउट'ने दिलेला खास चिमटा वेगळाच. अमेरिकेत 'टेकआउट' म्हटलं की डोळ्यांपुढे येतं चिनी जेवण आणि तारेची कडी असलेला पुठ्ठ्याचा पांढरा डबा. तो डबा अमेरिकन आहे. शिकागोच्या फ्रेडरिक विल्कॉक्स यांनी १८९४ साली त्याचं पेटंट घेतलं. चीनमध्ये बाहेरून मागवलेल्या जेवणाला 'बाहेर-विक्री' म्हणतात. गिऱ्हाईक बघतं नेण्याकडे, दुकानदार बघतो विकण्याकडे. पोटात जायचं ते जातंच. इंग्लंडात हेच जेवण 'टेकअवे' होतं, आणि कंपनीच्या मीटिंगमध्ये साहेब शेवटी 'टेकअवे' विचारतो तेव्हा जेवण मिळत नाही, नुसतं तात्पर्य मिळतं.

एवढं सगळं पचवलं तरी भूतकाळ शिल्लक राहतोच. चिनी क्रियापद स्थितप्रज्ञ असतं. काल, आज, उद्या, मी, तू, ते सगळे. त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. काम झालं असेल तर मागे एक छोटासा 'ल' चिकटवतात आणि विषय संपतो. इंग्रजीत मात्र टेक-टुक-टेकन. बरं, नियम म्हणून तो पाठ करावा तर मेक-मुक-मेकन होत नाही. तिथे 'मेड' होतं. बेकचं 'बेक्ड', वेकचं 'वोक', शेकचं मात्र 'शुक'. एका घरातले सख्खे भाऊ आणि प्रत्येकाची चूल निराळी. ली यांग नावाच्या गृहस्थांनी यावर 'क्रेझी इंग्लिश' हा तोडगा काढला होता. मैदानात हजारो लोक जमवायचे आणि सगळ्यांनी मिळून इंग्रजी वाक्यं बेंबीच्या देठापासून ओरडायची. त्याने भीड चेपते हे खरं. पण चुकीचं रूप मोठ्याने ओरडलं म्हणून बरोबर होत नाही, हे आपल्याला वृत्तवाहिन्यांवरच्या चर्चा ऐकून ठाऊक आहेच.

जुन्या काळच्या चिनी व्यापाऱ्यांनी या जंजाळावर याहून नामी उपाय केला होता. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कँटनच्या, म्हणजे आजच्या ग्वांगझोच्या बंदरात गोऱ्यांशी व्यापार चाले. आपल्या मुंबईचे पारशी व्यापारीही तिथे होते. ज्यांच्या नावाने जे. जे. रुग्णालय उभं आहे ते जमशेटजी जीजीभॉय तरुणपणी अनेकदा चीनला जाऊन आले. त्या बंदरात जी इंग्रजी बोलली जाई तिला पिजिन म्हणतात. इंग्रजी शब्दांचे उच्चार चिनी अक्षरांत लिहिलेल्या चोपड्या तेव्हा विकत मिळत. एसटी स्टँडवरच्या 'तीस दिवसांत इंग्रजी'चे हे पूर्वज. त्या इंग्रजीत 'कॅची' हे एक क्रियापद होतं : आणणे, मिळवणे, घेणे, हाती असणे, सगळं 'कॅची'. भूतकाळ नाही, शेपट्या नाहीत. वस्तू मोजायला 'पीसी', आणायला 'कॅची', आणि जहाजंच्या जहाजं चहा रवाना. साहेब या भाषेला हसत आणि तिच्यातच घासाघीस करत.

आता इतकं वाचून 'बिच्चारा ली लेई' म्हणण्यापूर्वी त्याच्या घरात डोकावा. तिथे 'दा' नावाचं क्रियापद आहे. मूळ अर्थ : मारणे. चिनी माणूस फोन मारतो, टॅक्सी मारतो, छत्री मारतो, इंजेक्शन मारतो, शिंक मारतो, टंकलेखन मारतो, विहिरीचं पाणी मारतो. स्वेटर विणत नाही, मारतो. दुकानदार सवलत मारतो. हॉटेलात उरलेलं जेवण बांधून घ्यायचं तर त्याचं गाठोडं मारतो. म्हणजे इंग्रजाचं 'टेकआउट' चुकवून ली लेई घरी आला, तर घरात मारामारी चालूच.

पूर्वी बाटली घेऊन दुकानातून सोया सॉस आणायचा, त्यालाही 'सोया सॉस मारणे' म्हणत. २००८ साली ग्वांगझोत टीव्हीवाल्यांनी रस्त्यावरच्या एका माणसाला नटनट्यांच्या गाजलेल्या भानगडीवर मत विचारलं. तो उत्तरला, मला काय त्याचं, मी सोया सॉस आणायला निघालोय. तेव्हापासून 'मी सोया सॉस मारतोय' म्हणजे 'मला या भानगडीत ओढू नका' असा अर्थ देशभर रूढ झाला. एकाच 'मार'चा आणखी एक अर्थ वाढला.

आणि 'दा'ची ही मनमानी खटकणारे आपण पहिले नाही. सोंग राजवटीतले विद्वान ओउयांग शिऊ (१००७–१०७२) यांनी आपल्या टिपणवहीत तक्रार करून ठेवली आहे की, लोक बोलताना 'दा' कुठेही वापरतात : नाव बांधली तरी मारली, मासे धरले तरी मारले, पाणी काढलं तरी मारलं, छत्री धरली तरी मारली, आणि यात शिकलेले-अडाणी सगळे सारखेच. तक्रारीला साडेनऊशे वर्षं होऊन गेली. 'दा'ने ती वाचलेली दिसत नाही.

अशी क्रियापदं म्हणजे बिनखात्याचे मंत्री. स्वतःचं ठरलेलं काम काही नाही, पण प्रत्येक फाइलीत हजर. आणि आपल्या सरकारातले मंत्री आपल्याला कधी जास्त वाटत नाहीत. मराठीतलं 'काढणे' बघा. आपण तिकीट काढतो, फोटो काढतो, रांगोळी काढतो, झोप काढतो, कर्ज काढतो. दिवस काढतो, रात्र काढतो, वाट काढतो, पळ काढतो. कुणाची आठवण काढतो, कुणाची खोड काढतो, त्याने वचपा काढला की त्याची समजूत काढतो. छत्री कपाटातून काढतो आणि अंगातला सदराही काढतो. कर्ज काढल्यावर ते कमी झालं की वाढलं? आठवण काढली म्हणजे मनातून काढून टाकली का? ली लेईने हे विचारलं, तर उत्तर द्यायला आपल्यातला कोण पुढे येईल? बहुतेक जण सोया सॉस आणायला निघतील.

इंग्रजीने चिनीकडून उसनं घ्यायलाही कधी लाज बाळगली नाही. हाँगकाँगचे लोक एकमेकांना धीर द्यायला 'तेल घाला' म्हणतात. त्याचं शब्दशः इंग्रजी 'ॲड ऑइल' २०१८ साली ऑक्सफर्डच्या कोशात जाऊन बसलं. म्हणजे चूक करायची ती भरपूर लोकांनी, भरपूर वेळा आणि न लाजता करायची. काही वर्षांनी तिला कोशात जागा मिळते. एकट्याने केली तर मात्र गुण कापले जातात.

तेव्हा निकाल एवढाच, की 'टेक' म्हणजे काय हा प्रश्नच चुकीचा आहे. कशाबरोबरचा 'टेक', हा खरा प्रश्न. बस, औषध, फोटो, परीक्षा, रजा या शब्दांसकट तो पाठ केला तर दगा देत नाही. एकटा घोकला की शब्दकोशातला 'ना' खरोखर मराठीतला 'ना' होतो. आपल्या घरी एखादं पोर इंग्रजी शिकत असेल तर त्याला लांबलचक शब्दांची स्पेलिंगं विचारून पाहुण्यांपुढे मिरवू नका. 'टेक'ची दहा वाक्यं करायला सांगा. त्यातली सात चुकली तर हसू नका. हसायचंच असेल तर आधी कुणा परदेशी माणसाला 'काढणे' शिकवून बघा, आणि त्याने तुमच्यावर राग काढला नाही तर मग खुशाल हसा.